विअर्ड : एका शब्दाची कुळकथा

'विअर्ड' हा शब्द आपल्या महाविद्यालयाच्या आवारात दिवसाकाठी किती वेळा कानावर पडतो याची मोजदाद कोणी केलेली नाही. केली तर आकडा लहान निघणार नाही. काल पाहिलेला चित्रपट विअर्ड असतो, कॅन्टीनमधल्या सांबाराची चव विअर्ड असते, ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एकटाच हसत बसणारा मुलगा विअर्ड असतो आणि प्रश्नपत्रिकेतला तिसरा प्रश्न तर हमखास विअर्ड असतो. मराठीत बोलताना आपण हा शब्द सहज पेरतो आणि त्याचा अर्थही ऐकणाऱ्याला बरोबर कळतो. विचित्र, तऱ्हेवाईक, चारचौघांसारखे नसलेले, आणि म्हणून थोडेसे नकोसे. २०२४ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत एका पक्षाच्या पुढाऱ्यांनी विरोधकांवर हाच शब्द फेकला आणि काही आठवडे वर्तमानपत्रांना तो पुरला. शिवी म्हणावी तर शिवी नाही, टीका म्हणावी तर तीत मुद्दा नाही. पण जिव्हारी लागतो खरा.

इतक्या हलक्या आणि उडत्या शब्दाला हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा इंग्रज माणूस वचकून असे, असे सांगितले तर खरे वाटणार नाही. त्या काळी हा शब्द विशेषण नव्हताच. ते एक भारदस्त नाम होते आणि त्याचा अर्थ होता 'दैव'; माणसाच्या वाट्याला जे येते ते, जे घडून येते ते. दैवाचा तऱ्हेवाईकपणा कसा झाला, ही या शब्दाची कथा आहे. या कथेत एक नाटक फार मोठी कामगिरी बजावते. ते नाटक म्हणजे शेक्सपिअरचे 'मॅक्बेथ'. पदवीच्या वर्गात ते शिकत असताना माळरानावर भेटणाऱ्या 'त्या तिघी' नेमक्या कोण, या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस सोडले नाही. त्या चेटकिणी असतील तर मॅक्बेथ हा फसवला गेलेला माणूस ठरतो; त्या साक्षात दैव असतील तर तो बिचारा ठरतो; आणि यांपैकी काहीच नसतील तर तो सरळ सरळ खुनी ठरतो. म्हणजे एका माणसाच्या पापपुण्याचा हिशेब एका विशेषणावर येऊन ठेपतो. म्हणून हा सगळा खटाटोप.

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'व्युर्ड' असा होता. (ओठ 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल करावेत आणि 'ई' म्हणावे, म्हणजे त्यातला स्वर जमतो. आमच्या वर्गात हा प्रयोग झाला तेव्हा शेजारच्या वर्गातून विचारणा झाली होती.) हे नाम 'वेओर्थन' या क्रियापदापासून बनले. वेओर्थन म्हणजे होणे, बनणे. जर्मन भाषेत ते 'वेर्डन' या रूपाने आजही रोजच्या वापरात आहे. इंग्रजीत मात्र ते मेले. १६११ च्या इंग्रजी बायबलात, येहेज्केलच्या पुस्तकात, 'होवो' या अर्थाचे 'वर्थ' एके ठिकाणी सापडते, तेवढीच त्याची शेवटची धुगधुगी.

या क्रियापदाच्या मुळाशी जो धातू आहे तो आपल्याला परका नाही. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मुळातून निघाल्या असाव्यात, असे सांगितले आणि जर्मानिक भाषाही त्याच कुळातल्या असण्याचा संभव बोलून दाखवला. पुढच्या शतकात भाषाशास्त्रज्ञांनी त्या विधानाला नियमांचा पाया दिला. त्या नियमांनी पाहिले तर 'वेओर्थन', लॅटिनमधील 'वेर्तेरे' म्हणजे वळणे, आणि संस्कृतातील 'वृत्' ही एकाच घरची भावंडे. या 'वृत्' धातूने मराठीचे घर किती भरले आहे ते पाहावे. वर्तन, वर्तुळ, आवर्तन, वृत्त, वृत्तान्त, प्रवृत्ती, निवृत्ती, फार काय, देवापुढच्या समईतली वळलेली 'वात' हीसुद्धा 'वर्ति' या संस्कृत शब्दाची लेक. मुळातला अर्थ 'वळणे, फिरणे'. त्यावरून 'असणे, चालू असणे', आणि त्यावरून 'घडणे'. जुन्या मराठीत 'पुढे काय वर्तले ते ऐका' असे म्हणत. पेशवाईतल्या पत्रांत 'इकडील वर्तमान' येते, तेव्हा त्याचा अर्थ चालू काळ असा नसतो. इकडे जे घडले ते, असा असतो.

व्युर्ड शब्दाच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. जुन्या इंग्रजी ग्रंथांत त्याचा अर्थ प्रत्येक वेळी दैव असा होत नाही. पुष्कळ ठिकाणी 'घटना', 'घडलेली गोष्ट' एवढाच साधा अर्थ आहे. ख्रिस्ताच्या क्रुसाने स्वतः आपली कहाणी सांगितली आहे अशी कल्पना असलेले एक जुने काव्य आहे. त्यात आपण सोसलेल्या कठोर प्रसंगांना तो क्रूस याच शब्दाचे अनेकवचन वापरतो. घडलेले आणि घडणारे, दोन्ही एका शब्दात नांदत होते. आपण ज्याला दैव म्हणतो ते त्या लोकांना लिहून ठेवलेल्या चिठ्ठीसारखे वाटत नसावे. वळणावळणाने जे होत जाते त्याचेच नाव व्युर्ड, असे मला वाटते. अर्थात शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे, हा इशारा आमच्या प्राध्यापकांनी वर्गात अनेकदा दिला आहे आणि तो मला मान्य आहे. 'वात' म्हणताना कोणाच्याही मनात धातुपाठ येत नाही.

तरीही वापरातून काही गोष्टी दिसतातच. 'बेओवुल्फ' या महाकाव्याची आज उपलब्ध असलेली एकमेव हस्तलिखित प्रत इसवी सन १००० च्या आसपासची आहे. त्यात हा शब्द अनेकदा येतो आणि त्याची छटा दर वेळी थोडी निराळी असते. समुद्रातल्या आपल्या तरुणपणच्या साहसाची हकिगत सांगताना नायक म्हणतो त्याचा आशय असा, की ज्याची घटका भरलेली नाही अशा माणसाला व्युर्ड पुष्कळदा तारून नेते. मात्र त्या माणसाचे धैर्य शाबूत असावे लागते. हे 'मात्र' मला फार मोलाचे वाटते. दैव आणि पुरुषार्थ यांची आपल्याकडे जी अखंड वादावादी चालते, ती या योद्ध्याने एका श्वासात मिटवून टाकली आहे. आणि तोच नायक म्हातारपणी ड्रॅगनशी झुंजताना पडतो, तेव्हा व्युर्डने त्याला जय दिला नाही असे कवी सांगतो. धैर्य तेव्हाही शाबूत होते.

व्युर्डला देवीचे रूपही होते. सातव्या-आठव्या शतकांत लॅटिन शब्दांचे जुन्या इंग्रजीत अर्थ देणारे जे कोश तयार झाले, त्यांत रोमन पुराणांतील 'पार्के' म्हणजे आयुष्याचा धागा कातणाऱ्या तिघी देवता यांच्यासमोर याच शब्दाचे अनेकवचन लिहिलेले आढळते. उत्तरेकडच्या नॉर्स पुराणांत तीन 'नॉर्न' आहेत आणि त्यांची नावे उर्द, वेर्दांदी आणि स्कुल्द. पैकी उर्द म्हणजे आपली व्युर्डच, फक्त आइसलँडी वेषातली. आणि वेर्दांदी हे त्याच 'होणे' क्रियापदाचे वर्तमानकालवाचक रूप. तिसरी स्कुल्द ही इंग्रजी 'शॅल'ची नातलग; तिच्या नावात 'व्हायचे आहे' आणि 'देणे आहे' असे दोन्ही अर्थ आहेत. कर्ज आणि भविष्य यांना एकच नाव देणारे लोक व्यवहारी असले पाहिजेत! आपल्याकडे पाचवी-सहावीच्या रात्री बाळाच्या कपाळावर लिहून जाणारी सटवाई एकटीच येते. तिकडे तिघी आहेत. ही तीनची संख्या लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

धर्मोपदेशकांना हा शब्द अडचणीचा होता. सर्व काही परमेश्वराच्या इच्छेने होत असेल तर मग ही व्युर्ड कोण? या प्रश्नाला दोन उत्तरे दिली गेली. नवव्या शतकाच्या अखेरीस बोइथियसच्या तत्त्वज्ञानपर ग्रंथाचे जे जुने इंग्रजी भाषांतर झाले आणि जे परंपरेने राजा अल्फ्रेडच्या नावावर आहे, त्यात तडजोड आहे. ज्याला आपण व्युर्ड म्हणतो ते परमेश्वराचेच रोजचे काम, असे ते भाषांतर सांगते. शंभर वर्षांनी एल्फ्रिक नावाच्या धर्मोपदेशकाने तडजोड ठेवली नाही. असे काही नसतेच, ही निव्वळ खोटी समजूत आहे, असे त्याने प्रवचनात ठणकावून सांगितले. अल्फ्रेडची बाजू मला अधिक समंजस वाटते. लोकांच्या तोंडातला शब्द काढून घेता येत नाही, त्याला नोकरीला ठेवता येते, हे राजाला कळत होते.

पण शब्दाला जे धर्माने केले नाही ते फ्रेंच आणि लॅटिन शब्दांनी केले. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर दरबाराची आणि पुस्तकांची भाषा बदलली. 'डेस्टिनी', 'फॉर्च्यून', 'फेट' हे प्रतिष्ठित पाहुणे आले आणि घरची व्युर्ड माजघरात गेली. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसर हा शब्द वापरतो खरा. परंतु एके ठिकाणी त्याला तो वापरताच 'आपण ज्यांना डेस्टिनी म्हणतो त्याच या' असा खुलासा जोडावा लागतो. ज्या शब्दाला स्वतःच्या भाषेत टीप लागते त्याचे दिवस भरले, असे समजायला हरकत नाही.

लंडनमध्ये मरू घातलेला हा शब्द उत्तरेला स्कॉटलंडमध्ये चांगला धडधाकट होता. 'विअर्ड' हे आजचे रूप तिकडचेच. स्कॉट लोकांत 'आपले विअर्ड ड्री करणे' असा वाक्प्रचार आहे; 'ड्री' म्हणजे सोसणे, म्हणजे अर्थ झाला 'आपले भोग भोगणे'. त्यांची एक म्हणही आहे, तिचा भाव असा : शब्दामागून विअर्ड येते. वाईट बोलू नये, बोललेले खरे होते. आपल्या 'शुभ बोल नाऱ्या'ची ही चुलत बहीण. याच स्कॉटलंडमध्ये दैवदेवतांना 'विअर्ड सिस्टर्स' म्हणत. गॅव्हिन डग्लसने १५१३ साली व्हर्जिलच्या महाकाव्याचे स्कॉट भाषांतर पुरे केले, त्यात रोमन पार्केंना हेच नाव दिले आहे. आणि त्याच्याही आधी, १४२० च्या सुमारास, अँड्रू ऑफ विंटन याने लिहिलेल्या पद्यबखरीत मॅक्बेथला स्वप्नात तीन स्त्रिया दिसतात आणि त्या विअर्ड सिस्टर्स असाव्यात असे त्याला वाटते. म्हणजे मूळ कथेत त्या स्वप्नात आल्या होत्या. त्या माळरानावर केव्हा उतरल्या?

हे काम पुढच्या बखरकारांचे. १५२७ साली हेक्टर बोईसने लॅटिनमध्ये स्कॉटलंडचा इतिहास लिहिला. त्यातून ही कथा राफेल हॉलिनशेडच्या इंग्रजी बखरीत आली. हॉलिनशेडची पहिली आवृत्ती १५७७ ची, दुसरी १५८७ ची. शेक्सपिअरने दुसरी वापरली. हॉलिनशेड सांगतो, की मॅक्बेथ आणि बँको यांना वाटेत चमत्कारिक वेषातल्या तीन स्त्रिया भेटल्या आणि लोकांचे सर्वसाधारण मत असे, की त्या विअर्ड सिस्टर्स म्हणजे दैवाच्या देवता असाव्यात, नाहीतर कोणी अप्सरा किंवा पऱ्या. येथेही शब्दापुढे टीप आहेच. पहिल्या आवृत्तीत या भेटीचे लाकडी ठशाचे चित्र छापलेले आहे. त्यातल्या तिघी चांगल्या उंची वस्त्रांतल्या, घरंदाज दिसणाऱ्या बायका आहेत. दाढी नाही, चिंध्या नाहीत, कढई नाही.

आता शेक्सपिअरचे नाटक उघडावे. साल साधारण १६०६. बँको त्यांना पाहतो तेव्हा त्या सुकलेल्या, रानटी वेषाच्या आणि दाढी असलेल्या बायका आहेत. त्या डुकरे मारतात, चाळणीत बसून समुद्रावर जातात, खलाशाच्या बायकोने मूठभर चेस्टनट दिले नाहीत म्हणून तिच्या नवऱ्याला छळण्याचे बेत करतात. दैवाच्या देवता चेस्टनटसाठी भांडत नाहीत. हे वागणे खेड्यातल्या गरीब म्हातारीवर जे आरोप ठेवले जात, त्या आरोपांतून उचललेले आहे.

हे का झाले असावे, हे तारखा सांगतात. १५९० आणि १५९१ साली स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिक येथील चेटकाचे खटले चालले. राजा सहावा जेम्स याचे जहाज वादळात सापडले ते चेटकामुळे, असा आरोप होता, आणि राजाने स्वतः आरोपींची तपासणी केली. १५९७ साली त्याने या विषयावर 'डिमनॉलॉजी' नावाचे पुस्तक लिहिले. १६०३ साली तोच इंग्लंडच्या गादीवर बसला आणि १६०४ साली तेथे चेटकाविरुद्ध नवा, अधिक कडक कायदा झाला. शेक्सपिअरची नाटकमंडळी या राजाच्याच आश्रयाखाली होती. मालकाची आवड नाटककाराने ओळखली एवढे म्हणून आपण हसू शकतो. पण तिकडे स्कॉटलंडमध्ये या आरोपाखाली बायकांना गळा आवळून जाळत होते आणि इंग्लंडमध्ये फाशी देत होते. चेटकीण हा शब्द त्या दिवसांत नुसता गोष्टीतला नव्हता. आपल्याकडेही तो नुसता गोष्टीतला राहिलेला नाही. नाहीतर २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला नसता.

आणि तरी शेक्सपिअरने जुना शब्द टाकला नाही. मी नाटकातल्या सर्व जागा मोजून पाहिल्या. रंगसूचनांमध्ये त्या तिघी 'विचेस' म्हणजे चेटकिणी आहेत. परंतु संवादांत त्यांच्यापैकी एकीला चेटकीण म्हटल्याचा उल्लेख एकदाच येतो, तोही त्या खलाशाच्या बायकोच्या तोंडचा आणि पहिलीनेच सांगितलेला. उलट त्यांना 'विअर्ड' म्हटल्याचे सहा उल्लेख आहेत. एकदा त्या स्वतःच स्वतःला तसे म्हणतात; एकदा मॅक्बेथने बायकोला लिहिलेल्या पत्रात तो शब्द येतो; दोनदा बँकोच्या तोंडी; आणि शेवटचे दोनदा खुद्द मॅक्बेथच्या तोंडी. म्हणजे ज्यांनी त्यांची वाणी ऐकली, ते त्यांना चेटकिणी म्हणत नाहीत. प्रेक्षकाला दिसतात चेटकिणी, आणि मॅक्बेथला ऐकू येते दैव. नाटकाची सगळी शोकान्तिका मला या फटीत दिसते.

येथे एक मौजेची गुंतागुंत आहे. १६२३ साली छापलेल्या फोलिओत, म्हणजे या नाटकाच्या आपल्याजवळ असलेल्या एकमेव मूळ प्रतीत, 'विअर्ड' हा शब्द एकदाही नाही! पहिल्या तीन ठिकाणी 'वेवर्ड' असे छापले आहे आणि पुढच्या तीन ठिकाणी 'वेयर्ड'. आज छापील पुस्तकात आपण जे वाचतो ती लुइस थिओबाल्ड या संपादकाची १७३३ सालची दुरुस्ती आहे. हॉलिनशेडची बखर समोर ठेवून त्याने ती केली आणि नंतरच्या बहुतेक संपादकांनी ती उचलली. दुरुस्ती बरोबरच असावी. पण मग छापखान्यातल्या जुळाऱ्यांना काय दिसले? 'वेवर्ड' हा त्या वेळचा ओळखीचा शब्द. त्याचा अर्थ हट्टी, वाकड्या वाटेचा, सांगितलेले न ऐकणारा. छंदाला त्या जागी बहुधा दोन अवयव लागतात, आणि तेही या उच्चाराला जुळते. लंडनच्या सामान्य प्रेक्षकाला 'विअर्ड' हा उत्तरेकडचा शब्द ठाऊक नसेल, तर त्याने 'वाकड्या वाटेच्या बहिणी' असेच ऐकले असणार. आणि गंमत अशी, की हेकटी रागावून त्या तिघींना झापते त्या प्रवेशात हेच 'वेवर्ड' विशेषण खुद्द मॅक्बेथला लावलेले आहे. (तो प्रवेश शेक्सपिअरचा नसून मिडल्टनचा असावा असे बरेच पंडित मानतात, तो वाद येथे नको.)

'वेवर्ड'मधला 'वर्ड' म्हणजे 'त्या दिशेला वळलेला', आणि तोही त्याच 'वृत्' कुळातला आहे. एका अर्थी जुळाऱ्याची चूक घराबाहेर गेलीच नाही. दैव आणि वाकडी वाट हे दोन्ही शब्द एकाच वळणावरून निघाले आहेत. शेक्सपिअरला हे व्याकरण माहीत असण्याचे कारण नाही. पण कानाला दोन्ही शब्द एकदम ऐकू यावेत, अशी त्याची इच्छा नसेलच असे मला म्हणवत नाही. शब्दांवर कोट्या करण्यात त्याचा हात धरणारा कोण होता!

१६११ साली सायमन फोरमन नावाच्या ज्योतिषी-वैद्याने ग्लोब नाट्यगृहात हे नाटक पाहिल्याची नोंद करून ठेवली आहे. तीत तो या तिघींना चेटकिणी म्हणत नाही. पऱ्या किंवा अप्सरा म्हणतो. त्याने हॉलिनशेड वाचला असेल आणि डोळ्यांपेक्षा पुस्तकावर भरवसा ठेवला असेल, असेही अभ्यासक सुचवतात. आपल्यातही असे परीक्षार्थी आहेत.

मग मॅक्बेथचा हिशेब कसा करायचा? त्या तिघी त्याला राजा होशील एवढेच सांगतात. खून कर असे कोणीही त्याला त्या माळावर सांगितलेले नाही. दैवात असेल तर हात न हलवता मुकुट मिळेल, हा विचार त्याच्या मनात एकदा स्वच्छपणे येऊन जातो, आणि तो विचार तो सोडून देतो. पुढे बँकोच्या वंशाला राज्य मिळणार या भाकिताची आठवण सलू लागते, तेव्हा हाच माणूस दैवाला मैदानात उतरून झुंजायला बोलावतो. अनुकूल असेल तेवढे दैव मानायचे आणि प्रतिकूल असेल त्याच्याशी लढायचे! दैवाने ओढून नेलेला माणूस असा वागत नाही. बेओवुल्फच्या कवीला हा नायक कळला असता, असे मला वाटते. कारण त्याच्या व्युर्डमध्ये माणसाच्या करणीला जागा होती. 'फेट' या शब्दात ती नाही. फेट म्हणजे मुळात 'बोलले गेलेले', उच्चारून संपलेले. 'व्युर्ड' म्हणजे होत असलेले. शिकवताना आपण या तिघींना 'फेट' म्हणून मोकळे होतो किंवा 'चेटकिणी' म्हणून, तेव्हा पहिल्या प्रकारात मॅक्बेथ सुटतो आणि दुसऱ्या प्रकारात सगळा दोष तीन म्हाताऱ्यांच्या माथी जातो.

थिओबाल्डच्या दुरुस्तीनंतर शब्द वाचकांच्या डोळ्यांपुढे आला खरा, पण त्याचे नाम तोवर दक्षिणेत विसरले गेले होते. 'विअर्ड सिस्टर्स' या जोडशब्दातले 'विअर्ड' हे त्या बायकांच्या रूपाचे वर्णन असावे, अशी लोकांनी समजूत करून घेतली. गूढ, अमानुष, अंगावर काटा आणणारे. रोमँटिक कवींनी ते आनंदाने उचलले. शेलीच्या १८१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'अलॅस्टर'मध्ये ढगांना हे विशेषण लावलेले आहे. ढगांना दैव कुठले? तेथे शब्दाने जुने घर कायमचे सोडले. पुढे भुताखेतांच्या कथा आल्या, १९२३ साली शिकागोत 'विअर्ड टेल्स' हे मासिक निघाले, आणि मग विसाव्या शतकाच्या बोलण्यात भय ओसरून नुसता चमत्कारिकपणा उरला. मराठीत 'भयंकर'चे जे झाले तेच. 'भयंकर आवडले' म्हणताना आता कोणाला भय वाटते?

शेवटी एक मराठी अडचण सांगायची राहिली. 'मॅक्बेथ' आपल्या रंगभूमीवर फार पूर्वी आले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम महादेव परांजपे यांनी 'मानाजीराव' लिहिले, १९५४ साली वि. वा. शिरवाडकरांचे 'राजमुकुट' आले. बोलताना मात्र आपण सगळे 'मॅक्बेथमधल्या चेटकिणी' असेच म्हणतो, म्हणजे रंगसूचना तेवढी भाषांतरित करतो. त्या सहा जागांसाठी शब्द कोणता घ्यावा? 'दैव' देवांपासून निघाले, ते येथे चालणार नाही. 'नशीब' अरबी, त्याचा अर्थ वाटा, हिस्सा, त्यात वळण नाही. 'प्रारब्ध' म्हणजे आधीच सुरू झालेले, ते मागच्या जन्मीचे खाते उघडते. 'विधिलिखित' आणि 'ललाटलेख' यांत कोणीतरी लिहून ठेवले आहे. 'नियती' नाटकाला शोभते, पण तिच्यात बांधून टाकणे आहे. अर्थाच्या अगदी जवळ जाणारा शब्द मला एकच सापडला. तो म्हणजे 'भवितव्य', 'होणे' या अर्थाच्या 'भू' धातूपासून बनलेला. आणि त्याचे अस्सल देशी रूप म्हणजे आजीच्या तोंडचे 'होणार'. 'होणार होते ते झाले' असे ती म्हणते तेव्हा ती कोणा देवाला जबाबदार धरत नाही, आणि माणसालाही पुरते सोडत नाही.

तेव्हा 'भवितव्यभगिनी' असा शब्द मी सुचवून पाहिला. आमच्या नाट्यमंडळातल्या मित्राने तो चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिला आणि पाचव्या वेळी त्याची जीभ अडखळली. 'होणाऱ्या बहिणी' म्हटले तर नणंदा वाटतात. स्कॉट लोकांप्रमाणे आपणही एखादा रांगडा शब्द शोधला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. 'सटव्या' म्हणून पाहा, तो म्हणाला. कपाळावर लिहिणाऱ्या सटवाईचे नाव आपणही बाईला द्यायची शिवी करून टाकले आहे, हे त्याच्या लक्षात होते की नाही कोण जाणे. मी तो शब्द माझ्या प्रतीत सहाही ठिकाणी पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. चार ठिकाणी तो बसतो, पत्रातल्या आणि शेवटच्या जागी अजून खटकतो.